तीनचा पाढा

मोडेम बदलून झाला होता. विंडोज पुसून पुन्हा टाकून झालं होतं. लाईनमनने डीपीपासून, म्हणजे रस्त्यावरच्या टेलिफोनच्या डबीपासून, दुकानापर्यंतची वायर नवी ओढली होती. तरी खेडच्या त्या दुकानातलं नेट तुटायचं ते तुटतच होतं. दुकानवाल्या चाचांचा फोन आला की आमच्याकडे आई रिसीव्हरवर हात ठेवून विचारायची, "घरी नाहीये म्हणून सांगू का?"

साल २००१, महिना ऑगस्ट. मी चिपळूणला काँप्युटर दुरुस्तीची कामं करायचो. दुकान नव्हतं. एक रेक्झिनची बॅग, त्यात स्क्रू ड्रायव्हर, विंडोज ९८ ची सीडी, दोन-चार ड्रायव्हरच्या फ्लॉप्या आणि एक जुना फोन. त्या फोनची वायर कापून टोकांना क्लिपा लावल्या होत्या, म्हणजे लाईन कुठेही तपासता यायची. मुंबईत इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू झालं. आमच्या बाजूला ते यायला बराच वेळ लागला, आणि आलं ते टेलिफोनच्या तारेवरून, किरकिरत.

चाचा बरीच वर्षं कुवेतला काढून परतलेले. एसटी स्टँडजवळ त्यांचा पिवळ्या पाटीचा एसटीडी-पीसीओ, म्हणजे पैसे देऊन फोन करायचा बूथ होता. बाजूला प्लायवूडची भिंत घालून पलीकडे दोन काँप्युटर मांडले आणि पाटीवर एक ओळ वाढवली. ग्राहकांची चिंता नव्हती. खेड, दापोली, मंडणगडकडे आखातात माणूस नाही असं घर शोधावं लागतं. फोनवर बोलायचं तर मिनिटामिनिटाला छातीत धडधड. त्यापेक्षा पन्नास रुपये तासाने याहूवर चॅटिंग परवडायचं. तिकडे शुक्रवारची सुट्टी, त्यामुळे शुक्रवारी दुपारी चार वाजले की दुकानात बुरख्यातल्या बायका, पोरंटोरं, एखादी म्हातारी अशी रांग लागायची. टाईप चाचांची पुतणी करून द्यायची. ती बारावी झालेली, बूथ तीच सांभाळायची. दुसऱ्याच्या नवऱ्याला काय लिहायचं आणि काय गाळायचं, हे तिला सांगावं लागत नसे.

पहिल्या दोन तक्रारी फुटकळ होत्या. एकदा ६८० एरर, म्हणजे डायलटोन नाही. कोणीतरी झाडताना वायर ओढली आणि परत लावताना मोडेमच्या 'लाईन'ऐवजी 'फोन'च्या भोकात लावली. दुसऱ्यांदा ६९१. पासवर्ड बरोबर होता, फक्त कॅप्सलॉक चालू होतं. या दोन फेऱ्यांचे मी नुसते एसटीचे पैसे घेतले, आणि चाचांचा माझ्यावर विश्वास बसला. तोच पुढे महागात पडला, त्यांना.

तिसरी तक्रार वेगळी. नेट लागायचं, झकास लागायचं. मोडेमची ती शीळ, मग खरखर, आणि कोपऱ्यात ४५,३३३ चा वेग. आमच्या तालुक्याच्या मानाने हा वेग म्हणजे चैन. पण मध्येच कधीतरी खिडकी यायची, तुमचा संपर्क तुटला आहे, पुन्हा जोडायचा का? पुन्हा जोडा, पुन्हा शीळ, पुन्हा खरखर. तोवर कुवेतचा माणूस विचारत बसायचा, "आहेस ना? आहेस ना?"

मी आमच्या धंद्यातला नेहमीचा काढा पाजला. रिकामं बसल्यावर लाईन सोडायची खूण काढली. डायल-अप ॲडाप्टर काढून पुन्हा बसवला. मोडेमला जास्तीची कमांड दिली की कॅरियर, म्हणजे पलीकडच्या मोडेमचा सूर, हरवला तर लगेच सोडू नकोस, पाचेक सेकंद धीर धर. तुटणं थोडं कमी झालं, थांबलं नाही. मग मोडेमवर संशय घेतला आणि दीड हजारांचा नवा बसवला. दोन दिवसांनी फोन. मग विंडोज. काहीच सुचेनासं झालं की आम्ही फॉरमॅट मारायचो. वैद्याला नाडी कळली नाही की तो लंघन सांगतो, त्यातलाच प्रकार. तिकडे चाचांनी एक्स्चेंजमध्ये तक्रार केली, तर लाईनमन वायर बदलून गेला. ज्याच्या हातात जे होतं ते त्याने बदललं.

त्यात पावसाळा. कोकणात पावसात टेलिफोन बिघडला तर कारण शोधायला कोणी जात नाही. केबलमध्ये पाणी गेलं असेल, जॉईंट हिरवा पडला असेल, झालं. मीही चाचांना तेच ऐकवून आलो होतो, "दसऱ्यापर्यंत चालवून घ्या."

चाचा म्हणाले, "दसऱ्यापर्यंत दुकान चालवून दाखव."

म्हणून त्या शुक्रवारी मी सकाळचीच गाडी धरली. एका वकिलांकडून त्यांचा बाहेरून लावायचा मोडेम उसना घेतला होता, कारण त्याला पुढच्या बाजूला दिवे असतात. आतल्या मोडेमच्या पोटात काय चाललंय ते दिसत नाही. याच्या दिव्यांकडे बघून निदान रोगी जिवंत आहे की नाही एवढं कळतं. परशुराम घाटात पाऊस असा होता की ड्रायव्हर काचेला नाक लावून गाडी हाकत होता. लोट्याला पोचेपर्यंत बॅग मांडीवर घेऊन बसलो, वकिलांचा मोडेम भिजू नये म्हणून.

दुकानात गेल्यावर आधी लाईन ऐकली. माझा क्लिपांचा फोन लावून एकच आकडा फिरवला. एक आकडा फिरवला की डायलटोन जातो आणि पुढचे काही सेकंद लाईनवर नुसती शांतता असते. खरखर, गुणगुण, शेजारच्याचं बोलणं, जे काही असेल ते तेव्हाच ऐकू येतं. मी कान देऊन ऐकलं. देवघरात असते तशी शांतता. इतक्या पावसात एवढी स्वच्छ लाईन! म्हणजे लाईनमनने काम चोख केलं होतं, आणि माझं दसऱ्याचं भाकीत खोटं होतं.

मग वकिलांचा मोडेम लावला, नेट जोडलं आणि मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. आजवर मी तुटल्यावर यायचो, तुटताना समोर बसून कधी पाहिलंच नव्हतं. वहीच्या मागच्या पानावर वेळा मांडत गेलो. पहिल्यांदा नऊ मिनिटांनी तुटलं. मग सहा. मग तीन. मग बारा. पुन्हा सहा.

जेवणाच्या वेळेला पुतणी चहा घेऊन आली. वहीत डोकावली आणि म्हणाली, "दादा, तीनचा पाढा लिहिताय काय?"

मी पाहिलं. खरंच पाढाच होता.

"लोकलची पल्स तीन मिनिटांची," ती सहज म्हणाली. पल्स म्हणजे बिलाचं एक युनिट. "तुमचं नेट तुटतं तेव्हा माझ्या मशीनवर आकडा बदललेला असतो. मला वाटलं, तुटल्यामुळे बदलतो."

बूथचं मशीन म्हणजे काउंटरवरचा तो लाल आकड्यांचा डबा. गिऱ्हाईक काचेच्या केबिनमध्ये बोलतंय, इकडे आकडे चढताहेत, आणि शेवटी करकर करत चिठ्ठी बाहेर येते. तो डबा प्लायवूडच्या पलीकडे होता. काँप्युटरवर बसलेल्याला तो दिसत नव्हता आणि काउंटरवर बसलेलीला मोडेम दिसत नव्हता. आणि लाईन दोन्हीकडे तीच, बूथचीच. चाचांनी एका लाईनीत दोन धंदे बसवले होते. बूथला गिऱ्हाईक नसेल तेव्हा नेट.

आम्ही लगेच परीक्षा घेतली. ती मशीनपाशी, मी मोडेमपाशी, मध्ये प्लायवूड.

"बदलला!" ती ओरडली.

त्याच क्षणी मोडेमचे आरडी-एसडीचे दिवे, माहितीची ये-जा दाखवणारे, जे पाखरासारखे फडफडत होते, ते थिजले. पाच-सहा सेकंद काहीच नाही. मग पुन्हा फडफडायला लागले. लाईन वाचली. तीन मिनिटांनी पुन्हा, "बदलला!" पुन्हा थिजले, पुन्हा वाचले. तिसऱ्या हाकेला सीडीचा, म्हणजे कॅरियरचा, दिवा विझला आणि पडद्यावर ती ओळखीची खिडकी आली. चाचा मधल्या दारात उभे होते. त्यांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. म्हणाले काही नाही. मला दीड हजार रुपये आठवले.

डबा काढून लाईन सरळ मोडेमला लावली. तरी तसंच. म्हणजे दोष डब्याचा नव्हता. जे काही येत होतं ते तारेतूनच.

एक्स्चेंज चालत दहा मिनिटांवर. तिथले ज्युनियर टेलिकॉम ऑफिसर, जेटीओसाहेब, जेवून नुकते बसले होते. मी वही पुढे केली तसे ते हसायलाच लागले. "अहो, बूथच्या नंबरावर आम्ही सोळा किलोहर्ट्झची पल्स पाठवतो. त्याशिवाय त्याच्या मशीनला कसं कळणार किती युनिट झाले ते? घरच्या फोनला नाही जात ती." एवढंच. दोन महिने जे आम्हाला सापडत नव्हतं, ते त्यांना विचारलं असतं तर त्यांनी पान लावता लावता सांगितलं असतं. पण त्यांच्याकडे तक्रार गेली होती ती 'लाईन खराब' अशी, आणि लाईन तर उत्तम होती.

टेलिफोनवर बोलणं चालतं ते साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्झच्या पट्ट्यात. सोळा हजारांचा सूर त्याच्या कितीतरी वर. बोलणाऱ्याला तो ऐकूही येत नाही, म्हणून बूथवर कोणाचं काही बिघडत नाही. मोडेमचं तसं नाही. त्याचे कान बारीक, आणि हा सूर लांबचा असला तरी जोरकस. क्षणभर त्याच्या कानठळ्या बसतात. मग तो पलीकडच्या मोडेमशी पुन्हा सूर जुळवायला बघतो. जुळला तर ठीक, नाही जुळला तर सोडून देतो. मी दिलेल्या त्या धीर धरायच्या कमांडने तुटणं कमी का झालं होतं, तेही आता उलगडलं. पल्स दर तीन मिनिटांनी यायचीच, मोडेम कधी तग धरायचा, कधी नाही. जर्मनी, स्वित्झर्लंडकडे असल्या पल्स गाळायला तयार फिल्टर मिळायचे हे मला पुष्कळ नंतर कळलं. त्या दिवशी कळलं असतं तरी खेडच्या बाजारात कुठे मिळणार होता!

"पल्स बंद करून देतो, अर्ज द्या," साहेब म्हणाले. "पण मग बूथ बंद."

चाचांचं घर दुकानाच्या बरोबर मागे, विहिरीपलीकडे. घरात साधा फोन होता. चार वाजायला तास राहिलेला. बाजारातून वायरचं भेंडोळं आणलं, पुतणीचा धाकटा भाऊ कौलांवर चढला, आणि पावसातच घराच्या खिडकीतून दुकानाच्या खिडकीत लाईन आली. विहिरीवरून जाताना ती झोळ खात होती म्हणून मध्ये पेरूच्या झाडाला बांधली. नियमात बसत होतं का, ते विचारू नका.

चार वाजता पहिली बाई बसली. मी मागे उभा. तीन मिनिटं झाली, सहा, नऊ. दिवे फडफडत होते. पुढचा दीड तास मी त्या दिव्यांकडे बघत काढला आणि नेट एकदाही तुटलं नाही. पुतणी एकामागून एक निरोप टाईप करत होती, "पाऊस खूप आहे, बकरी व्याली, पैसे पोचले, तब्येत सांभाळा."

जुना मोडेम माझ्याकडेच पडून होता. तो परत दिला आणि नव्याचे पैसे चाचांपुढे ठेवले. त्यांनी त्यातले पाचशे उचलून पुतणीच्या हातात दिले, बाकीचे माझ्या खिशात कोंबले. "तू आलास तरी ना," म्हणाले.

दहा-बारा दिवसांनी पुन्हा त्यांचा फोन. मी धसकलोच.

"नेट चाललंय?"

"नेट फर्स्ट क्लास," चाचा म्हणाले. "पण घरचा फोन सारखा एंगेज. पोरगा कुवेतहून तासभर लावत होता, शेवटी त्याने बूथवर फोन केला. चाची तुझ्या नावाने बोटं मोडतेय, जरा तिच्याशी बोल."