एका बुशसाठी तीन प्लास्टिकं: माझा अनुभव

कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत माझं दोन लेथचं छोटं वर्कशॉप आहे. गनमेटलचे आणि ब्राँझचे बुश, म्हणजे शाफ्ट (दांडा) ज्यात फिरतो त्या जाड नळ्या, हे आमचं रोजचं काम. एका डेअरीच्या क्रेट वॉशरचे, म्हणजे क्रेट धुण्याच्या मशीनचे, बुशही मीच करून द्यायचो. 40 मिलिमीटरचा शाफ्ट, 56 चा बाहेरचा व्यास, आठाची भिंत. शाफ्ट सावकाश फिरतो, लोड फारसा नाही. एके दिवशी तिथल्या मेंटेनन्सच्या साहेबांचा फोन आला, "ग्रीस पाण्यात उतरतंय, ते आम्हाला चालत नाही. प्लास्टिकचे करून द्या."

मी तेच ड्रॉइंग घेतलं, कास्ट नायलॉनचा रॉड आणला आणि बुश काढून दिले. क्लिअरन्स (शाफ्ट आणि बुशमधली मोकळी जागा) गनमेटलला देतो तेवढाच, दहा शतांश मिलिमीटर. चूक इथेच झाली. अठराव्या दिवशी शाफ्ट जाम झाला आणि साखळी तुटली. संध्याकाळच्या गाडीसाठी त्यांना क्रेट हाताने धुवावे लागले. मी जाऊन बुश ठोकून बाहेर काढला आणि बोर, म्हणजे आतलं भोक, मोजला, तर शाफ्टपेक्षा लहान!

नायलॉन पाणी पितं. नायलॉन 6 पाण्यात बुडून राहिलं तर हळूहळू वजनाच्या नऊ टक्क्यांच्या आसपास पाणी शोषतं आणि त्या प्रमाणात फुगतं. उघड्यावरचा तुकडा सगळीकडून वाढेल, पण प्रेसफिट, म्हणजे दाबून घट्ट बसवलेल्या, बुशला बाहेरून लोखंडी घराने धरलेलं असतं. बाहेर जागा नाही म्हणून वाढ आतल्या बाजूला येते आणि बोर आवळतो. त्यात पाणी 65 अंशांचं. तापल्यावर नायलॉन स्टीलच्या सात-आठ पट प्रसरण पावतं. हे दोन्ही मी हिशेबात धरलं नव्हतं.

मग डेल्रिन, म्हणजे अॅसिटल नावाचं दुसरं कडक प्लास्टिक, वापरायचं ठरलं. हे पाणी फारच कमी घेतं, भरपूर भिजलं तरी एक टक्क्याच्या आत. पण बाजारात पांढरा रॉड दिसला की कोणी त्याला टेफ्लॉन म्हणतं, कोणी डेल्रिन. पहिल्या दुकानदाराने दिलेला 50 व्यासाचा रॉड मी 100 मिलिमीटर लांब कापून वजनकाट्यावर ठेवला. 225 ग्रॅम भरला. तो अॅसिटल असता तर 277 च्या जवळ भरायला हवा होता. 225 म्हणजे नायलॉनच. रॉड परत केला. हा काटा आजही माझ्या टेबलावर असतो. याच मापाचा टेफ्लॉनचा तुकडा सव्वाचारशे ग्रॅमच्या घरात जातो, आणि पॉलिइथिलीनचा 185 च्या आसपास भरून पाण्यावर तरंगतो. काही जण चिप जाळून वास घेतात: नायलॉनला जळक्या केसांचा वास येतो. पण अॅसिटल जळताना फॉर्मल्डिहाइड सुटतो, डोळे चुरचुरतात, आणि तो विषारी आहे. काट्यावर काम होत असताना जाळायची गरजच नाही.

अॅसिटलचं टर्निंग सुंदर होतं. मापं बसली, मशीन चालू झालं, मी निर्धास्त झालो. चार महिन्यांनी साहेबांनी बुश माझ्या हातात ठेवला. पृष्ठभाग खडूसारखा पांढुरका झाला होता, नखाने भुकटी निघत होती आणि कडेला बारीक तडे होते. माप मात्र जागच्या जागी होतं. मला काही केल्या उलगडेना. शेवटी क्रेट वॉशरवरच्या मामांशी बोलत बसलो. ते सहज म्हणाले, "शेवटच्या धुण्याला हायपो टाकतोय की आम्ही." सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे क्लोरीन. अॅसिटल क्लोरीनला टिकत नाही. पाण्याचं तापमान मी विचारलं होतं, त्यात काय काय टाकतात हे विचारलं नव्हतं.

यावेळी बुश करण्याआधी रिंगा केल्या: नायलॉन, अॅसिटल आणि यूएचएमडब्ल्यू पॉलिइथिलीन (पॉलिइथिलीनचाच एक चिवट प्रकार). तारेच्या टोपलीत घालून त्या त्यांच्याच टाकीत तीन आठवडे ठेवल्या. दर शनिवारी जाऊन रिंग पुसायची, गार होऊ द्यायची आणि मायक्रोमीटर लावायचा. नायलॉन दर आठवड्याला वाढत गेलं. अॅसिटलचं माप हललं नाही, पण तिसऱ्या शनिवारी त्या रिंगची चकाकी गेली होती. पॉलिइथिलीन घातलं तसंच बाहेर आलं.

यूएचएमडब्ल्यूला 80 अंशांपर्यंत अडचण नाही आणि ते न चिकटता सरकतं. पण हे मऊ असतं. लेथच्या तीन जबड्यांच्या पकडीत, म्हणजे चकमध्ये, जोरात आवळलं तर चकमध्ये गोल दिसतं आणि सोडल्यावर तिकोनी होतं. मी सॉफ्ट जॉ (मऊ धातूचे जबडे) जॉबच्या मापाला बोअर करून घेतले आणि टूलला भरपूर रेक (वरच्या बाजूचा उतार) देऊन धार अगदी वस्तऱ्यासारखी केली. चिप तुटत नाही, लांबच लांब रिबीन निघते, ती बाजूला करायला एक माणूस उभा लागतो. फिनिश कट त्याच दिवशी घेतला नाही. रात्रभर ठेवून सकाळी गार असताना घेतला, कारण गरम जॉबवर घेतलेलं माप सकाळी खोटं ठरतं.

हे नायलॉनपेक्षाही जास्त प्रसरण पावतं, शिवाय दाबाखाली हळूहळू पसरतं. त्यामुळे नुसत्या प्रेसफिटवर भरवसा ठेवला नाही. कॉलर (कडेचा रुंद कठडा) ठेवली, फिरू नये म्हणून पिन घातली, आणि क्लिअरन्स पाऊण मिलिमीटर दिला. साहेब ढिलाई बघून म्हणाले, "हे खडखडेल." मी त्यांना गरम पाणी चालू करून पंधरा मिनिटं थांबायला सांगितलं. तेवढ्यात ढिलाई कमी झाली आणि शाफ्ट आवाज न करता फिरू लागला.

आता चौकशी आली की ड्रॉइंग बघायच्या आधी मी चार गोष्टी लिहून घेतो: पाणी लागतं का, तापमान किती, लोड किती, आणि धुताना काय टाकता. चौथ्या प्रश्नाचं उत्तर मी मशीनवर उभ्या असलेल्या माणसाकडूनच घेतो. मामांनी मागच्या महिन्यात स्वतःहून फोन केला होता, डेअरी आता हायपोऐवजी दुसरं काही वापरून बघणार आहे म्हणून. त्या द्रावणाची एक बाटली आणि पॉलिइथिलीनची एक रिंग सध्या माझ्या टेबलावर आहे. दोन शनिवार झालेत, तिसरा बाकी आहे.