दोरीवरचा शर्ट

मी मूळची मिरजेची, उत्तर आयर्लंडमध्ये बेलफास्टला एका केअर होममध्ये (वृद्धाश्रमासारखंच) नर्स आहे. आमच्याकडे एक आजोबा आहेत (मी मनातल्या मनात आजोबाच म्हणते), ऐंशी कधीच ओलांडली, डोळ्यांनी जवळपास दिसत नाही, म्हणून मुलगी लायब्ररीतून कादंबऱ्या आणून ठेवते आणि नाईटला राउंड झाला की मी थोडं थोडं वाचून दाखवते. त्यांच्या मुलीला विचारून लिहितेय, काही तपशील बदललेत.

ऊन पडलं की लॉन्ड्रीवाली बाई मागच्या अंगणात कपडे वाळत घालते. आपला शर्ट बाहेर दोरीवर आहे असं कळलं की आजोबा थरथरायला लागायचे, आत आणा, आत आणा. शर्ट आत आणेपर्यंत जेवायचे नाहीत. फाइलमध्ये आम्ही लिहिलं होतं, विनाकारण अस्वस्थ होतात.

त्या आठवड्यात थ्रिलर चालू होती, 80 च्या दशकातलं बेलफास्ट, हिरो कॅथलिक आणि पोलिसात, भाऊ आयआरएमध्ये (ब्रिटिश सत्तेविरुद्ध आणि पोलिसांविरुद्ध लढणारी, कॅथलिक वस्त्यांतली सशस्त्र संघटना), आणि साहेब म्हणतोय भावालाच खबऱ्या कर. त्या रात्री वाचत होते, हिरो सकाळी घराबाहेर येतो, गाडीत बसतो, चावी फिरवतो. आजोबांनी हात वर केला.

"गाडीखाली बघितलं नाही त्याने."

म्हटलं, तसं काही लिहिलेलं नाही.

"मग लिहिणाऱ्याला माहीत नाही. दार लाव पोरी."

दार लावलं. ते स्वतः फॉल्स रोडकडचे कॅथलिक, आणि नोकरी आरयूसीत, म्हणजे तेव्हाचे इथले पोलीस. लोकसंख्येत कॅथलिक 40 टक्क्यांच्या वर, पण फोर्समध्ये शेवटपर्यंत जेमतेम 8. इथल्या कॅथलिक-प्रोटेस्टंट संघर्षाच्या तीस वर्षांत साडेतीन हजारांवर माणसं गेली, त्यात 300 च्या वर आरयूसीवाले. रोज सकाळी आजोबा किल्ली हातातून पडल्यासारखं करायचे आणि उचलायच्या निमित्ताने गुडघ्यावर बसून गाडीखाली बॉम्ब लावलाय का ते बघायचे, शेजाऱ्यांना कळू नये म्हणून हे नाटक. स्वतःच्या गल्लीला ते गद्दार, आणि कॅन्टीनमध्ये गेले की बाकीचे बोलता बोलता थांबायचे. आईकडे जाता यायचं नाही, आईच बस पकडून सिटी सेंटरला यायची, चहा प्यायचे दोघं आणि वेगवेगळ्या दारांनी बाहेर पडायचे. ती गेली तेव्हा यांना जाता आलं नाही. इथेही आपल्यासारखा खांदा देतात, घरापासून रस्त्याने चालत. "माझ्या जागी शेजारचा मुलगा होता," एवढं बोलून बराच वेळ गप्प बसले. मी त्यांचा हात धरून बसले, मला दुसरं काही सुचलंच नाही.

मग आपणहून म्हणाले, युनिफॉर्मचा शर्ट बायको धुवायची आणि स्वयंपाकघरात हीटरजवळ वाळत घालायची, पडदे ओढून. पोरांना सांगितलेलं, बाबा ऑफिसात आहेत. "हिरवा शर्ट दोरीवर दिसला की संपलं."

1998 ला शांतता करार झाला, 2001 ला आरयूसी हे नावही गेलं. आणि आम्ही परवाच यांचा शर्ट बाहेर टाकला होता!

पुस्तक त्यांनी बंद करायला लावलं नाही. म्हणाले वाच, भावाचं काय करतो बघू. दोन पानं वाचली तोवर झोप लागली त्यांना.

सकाळी हँडओव्हरच्या आधी फाइल काढली. 'विनाकारण'वर एक रेघ मारून बाजूला सही केली आणि खाली लिहिलं, यांचे कपडे फक्त आतच वाळवायचे. मग लॉन्ड्रीत जाऊन त्या बाईला समोर बसवून सांगितलं. ती शँकिल रोडची, प्रोटेस्टंट. काही बोलली नाही, टोपलीतून त्यांचे दोन शर्ट काढले आणि वेगळे ठेवले.