आबाजी कलले

दिवाळीच्या रंगासाठी बैठकीतले अकरा फोटो उतरवले, तर भिंतीवर जुन्या निळीचे गडद चौकोन उमटलेले. फोटो नसतानाही कोण कुठं होतं ते सांगता येत होतं. या वेळी मात्र सगळे नव्यानं, शिस्तीत लावायचे असं मी ठरवलं होतं.

मोबाइलवर वाचलं होतं की संग्रहालयांत चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण ५७ इंचांवर, म्हणजे १४५ सेंटिमीटरवर धरतात. उभ्या माणसाच्या डोळ्यांसमोर येतो म्हणून. सतरंजीवर फ्रेमा मांडल्या, वर्तमानपत्रावर त्यांचे आकार कापले, दोन-दोन इंच सोडून भिंतीला चिकटवले. माय कपाशीतून आली आणि दारातच थांबली.

"इतक्या खाली? पाहुणा टेकून बसला का त्याचं डोस्कं महाराजाइले लागन."

खरंच की. आमच्या बैठकीत उभा राहतो तो फक्त वसुलीवाला. बाकी सगळे खाली बसतात नाहीतर खाटेवर लवंडतात. जुने लोक फोटो पार आढ्याजवळ, सुतळीनं पुढं झुकवून टांगायचे, तो मला अडाणीपणा वाटायचा. पण झुकलेला फोटो बसलेल्याकडं तोंड करतो, आणि दारातला उजेड काचेवर चमकत नाही.

उंची वाढली. मग रांगांचा प्रश्न. शेगावचे गजानन महाराज आणि खंजिरीवाले तुकडोजी महाराज सगळ्यात वर, यावर दुमत नव्हतं. त्याखाली मी आजीशेजारी माझ्या लग्नाचा फोटो ठेवला होता, कारण दोन्ही फ्रेमा सारख्या मापाच्या.

"जित्या माणसाइले हाराच्या रांगेत काहून बसवून राह्यला रे बापू?"

लग्न दुसऱ्या भिंतीवर गेलं. आजीचा मात्र एकटीचा असा फोटोच नव्हता. तेरवीसाठी घाईघाईनं कुठल्याशा लग्नाच्या घोळक्यातून तिला कापून मोठं केलं, त्यामुळं चौकटीच्या डाव्या कडेला कुणाचंतरी कोपर आहे. मोठी आत्या म्हणते तिचंच. काका म्हणतात शेजारणीचं. हार त्या कोपरालाही पडतो.

आमचं घर खारपाणपट्ट्यातलं, म्हणजे जमिनीखाली खारं पाणी असलेल्या भागातलं, काळ्या मातीवर उभं. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि पायव्याला सोबत घेऊन हलते. खालून भिंतीला लोणा, म्हणजे मिठाचा थर, लागतो तो वेगळाच. म्हणून फोटोंच्या पाठीला रबराचे तुकडे लावले, हवा खेळावी म्हणून, आणि प्रत्येकाला एकाऐवजी दोन खिळे दिले. एका खिळ्यावरचा फोटो दार आपटलं तरी फिरतो. मिस्त्रीचं पाणसळ आणून बुडबुडा अगदी मध्ये आणला. मागं सरून पाहिलं, तर सगळी रांग वाकडी! पाणसळ बरोबर होतं. कलली होती ती वरची तुळई, आणि डोळा तुळई पाहतो.

शेवटी पाणसळ बाजूला ठेवून तुळईच्या कलानं लावलं. राहिले आबाजी, माझे आजोबा. बैलजोडीचा कासरा धरून उभे. त्यांना तरी सरळ लावावं म्हणून मी पुन्हा बुडबुडा पाहिला.

"आता पाह्य, आबाजी पडून राह्यले," माय म्हणाली.

फोटो काढणाऱ्यानंच कॅमेरा वाकडा धरलेला. आजवर सुतळीवर ते कललेले असत, म्हणून फोटोत ताठ दिसत. उजवीकडचा खिळा बोटभर खाली ठोकला. बैलही सरळ झाले.