घासलेली कळशी

शाळेच्या सुवर्णमहोत्सवाच्या अंकासाठी लिहा, असं पत्र आलं. स्नेहसंमेलनं, सहली, बक्षिसं यांवर बाकीचे लिहितीलच. मला लिहायचंय ते फक्त आपल्या चित्रकलेच्या सरांवर.

इंटरमिजिएट ड्रॉइंग परीक्षेचं वर्ष. वस्तुचित्राच्या सरावासाठी सरांनी तांब्याची कळशी, औषधाची बाटली आणि दोन कांदे मांडून ठेवले होते. मी शहाणपणा केला. सकाळी लवकर येऊन चिंचेने कळशी लखलखीत घासली, बाटली धुतली. शाबासकी दूरच, सर कपाळाला हात लावून बसले. ‘‘अरे, तीन महिन्यांची धूळ घालवलीस की!’’ वर्ग खो खो हसला.

मधल्या सुट्टीत त्यांनी मला बोलावलं आणि आपल्या वहीत चिकटवलेलं एक चित्र दाखवलं. चार-पाच बाटल्या, एक डबा, सगळं मातकट. चित्रकार जॉर्जो मोरांदी, इटलीतल्या बोलोन्याचा. जन्मभर बहुतेक ह्याच बाटल्या रंगवल्या त्याने. काही बाटल्यांची चकाकी जावी म्हणून त्यांना तो रंग फासायचा, वर धूळ बसू द्यायचा. टेबलावरच्या कागदावर प्रत्येकीची जागा पेन्सिलीने आखलेली. ‘‘आणि हा १९१४ पासून १९२९ पर्यंत प्राथमिक शाळांत ड्रॉइंग मास्तर होता बरं का,’’ हे सांगताना सरांची मान ताठ झाली होती. पुढे १९५७ मध्ये साओ पाउलोच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात त्याला चित्रकलेचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं, ते मात्र त्यांनी जाता जाता सांगितलं.

मला तेव्हा त्या चित्रात काही दिसलं नाही, खोटं कशाला बोलू?

आज मी शाम्पू-तेलाच्या बाटल्यांचे आकार ठरवतो. त्यावर पोट चालतं, बरं चालतं. कामानिमित्त इटलीला गेलो तेव्हा एक दिवस बोलोन्यासाठी राखला. व्हिया फोंदात्सा या रस्त्यावरच्या घरात मोरांदी तीन बहिणींसोबत राहायचा. झोपायची खोली आणि चित्रं काढायची खोली एकच. बाटल्या अजून तिथे आहेत. पाऊण तास उभा होतो. एकाच उंचीच्या दोन बाटल्यांमधली बोटभर फट त्याने किती वेळा सरकवली असेल, एवढंच डोक्यात.

परवा शाळेत आलो होतो. चित्रकलेच्या वर्गात आता संगणक आहेत, मांडणीचं टेबलही नाही. कळशी सापडली. शिपाईमामा तिने तुळशीला पाणी घालत होते. डाव्या अंगाचा पोचा तोच. मामांना म्हटलं, घासू नका हो तिला.