इटर्बीची खाण: फलकावर नसलेल्या टँटलमसाठी

स्वीडनमधल्या इटर्बीला जाणारे बहुतेक जण या गावावरून पडलेली इट्रियम, टर्बियम, अर्बियम, इटर्बियम ही चार मूलद्रव्यांची नावं घोकून जातात. मी गेलो टँटलमसाठी. 1802 मध्ये स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ एकेबर्गला हे मूलद्रव्य सापडलं ते दोन खनिजांत: फिनलंडमधल्या किमितोचं टँटलाइट आणि इथलं इट्रोटँटलाइट.

स्टॉकहोमच्या टेक्निस्का हॉगस्कोलान स्थानकाबाहेरून वाक्सहोल्मची 670 नंबरची बस घ्या, एंगार्न फाट्यावर उतरा आणि इटर्बी ज्यावर आहे त्या रेसारो बेटाकडे जाणारी बस पकडा. मी गप्पांच्या नादात थेट वाक्सहोल्मला पोहोचलो. तिकीट 75 मिनिटं चालतं, त्यामुळे हा वेंधळेपणा दुसऱ्या तिकिटाला पडला.

खाण म्हणजे वस्तीला लागूनची छोटी टेकडी. भुयारात शिरता येईल या आशेवर जाऊ नका, तोंड बंद आहे. चिनी मातीच्या भांड्यांसाठी इथून फेल्डस्पार हे खनिज काढत, 1933 मध्ये काम थांबलं. पुढे शीतयुद्धात पोकळीत इंधन साठवलं होतं!

बघायचं ते बाहेरच. इथल्या पेग्मटाइट या खडकाचे कण एवढे मोठे की गुलाबी फेल्डस्पार, करडं क्वार्ट्ज आणि काळ्या अभ्रकाचे पापुद्रे नुसत्या डोळ्यांना वेगळे दिसतात. फसगत होते ती काळ्या रंगाने. प्रत्येक काळा ठिपका मला इट्रोटँटलाइट वाटत होता, आणि भिंगातून बघितलं की बहुतेकदा अभ्रक निघे. अभ्रक पापुद्र्यांनी सुटतो, हे खनिज तसं सुटत नाही. हातात घेता आलं तर वजनानेही कळतं, कारण क्वार्ट्जपेक्षा ते दुपटीने जड. पण जागा संरक्षित आहे. हातोडी घरीच ठेवा, खडाही उचलू नका. टँटलमचं ऑक्साइड आम्लात बुडवूनही आम्ल शोषत नाही, म्हणून एकेबर्गने या मूलद्रव्याला ग्रीक पुराणातल्या, पाण्यात उभं राहून तहानलेल्या टँटलसचं नाव दिलं, ते तिथे नीट समजलं.

1989 च्या धातूच्या फलकावर वरची चारच नावं आहेत. टँटलम मला भेटलं ते जवळच्या रस्त्याच्या पाटीवर: टँटालवेगेन, म्हणजे टँटलम रस्ता. फोटो तिचाच काढला.

ओल्या खडकावर पाय सटकतो, पक्के बूट हवेत. पाणी सोबत न्या. नमुने नीट बघायचे असतील तर परतताना युनिव्हर्सिटेट स्थानकाजवळच्या निसर्गविज्ञान संग्रहालयातलं खनिजांचं दालन गाठा, फक्त ते उघडं आहे ना हे आधी तपासा.