उजवीकडची जॉयस्टिक

एक ड्रिल, एक जिगसॉ (उभ्या पात्याची विजेवरची छोटी करवत), दोन क्लॅम्प आणि काटकोन बघायचा गुण्या. सुतारकामाचं भांडवल एवढंच. अनुभव म्हणाल तर आजवर भिंतीवर ठोकलेली एक फळी, जिच्यावर ठेवलेली पेन्सिल आपणहून घरंगळते. अशा माणसाने घरी आर्केड कॅबिनेट, म्हणजे व्हिडिओ गेम पार्लरमध्ये असायचं तसं उभं खेळाचं खोकं, बनवायला घेऊ नये. मी घेतलं.

खरं तर खेळायला या खोक्याची काडीचीही गरज नव्हती. जुन्या आर्केड मशिनची हुबेहूब नक्कल करणारा मेम नावाचा प्रोग्राम 1997 पासून आहे आणि तो चालवायला तळहातावर मावणारा कॉम्प्युटर पुरतो. तो भाग मी एका संध्याकाळी उरकला. टीव्हीवर पॅकमॅन पळायला लागला. पण सोफ्यावर लोळून, कीबोर्डचे बाण दाबत खेळताना काहीतरी राहून गेल्यासारखं वाटत होतं. हा खेळ उभ्याने, किंचित वाकून, खोक्यात डोकं घातल्यासारखा खेळायचा असतो. पुढचे दोन महिने त्या खोक्याचे.

पहिला इंगा जिगसॉने दाखवला. तिचं पातं फक्त वरच्या टोकाला धरलेलं असतं. त्यामुळे 18 मिलिमीटरच्या एमडीएफमध्ये (लाकडाचा बारीक चुरा दाबून केलेल्या फळीत) वळण घेताना वरचं टोक इमानेइतबारे रेघेवर चालतं आणि खालचं आपल्या मर्जीने भटकतं. जुन्या मशिनच्या बाजूंना असतात तशी डौलदार वळणं मी कागदावर काढली होती. पहिलं वळण कापून झाल्यावर नक्शातल्या सगळ्या रेघा निमूटपणे सरळ केल्या. सरळ कापायला निदान युक्ती असते: फळीवर एक सरळ पट्टी आवळायची आणि जिगसॉ तिच्या कडेकडेने न्यायची. तरी डावी आणि उजवी बाजू काही जुळेनात. शेवटी दोन्ही एकावर एक ठेवून क्लॅम्पने आवळल्या आणि कडा एकदमच घासल्या. आता त्या तंतोतंत सारख्या आहेत. सारख्याच वाकड्या आहेत.

(एमडीएफचा भुसा पिठासारखा असतो. मास्क न लावता हे काम करू नका. मी पहिल्या दिवशी केलं आणि रात्रभर शिंकलो.)

एमडीएफच्या कडेत सरळ स्क्रू मारला की ती कडा भिजलेल्या वहीसारखी फुलते, हेही एक फळी वाया घालवल्यावर कळलं. आधी बारीक भोक पाडायचं, मगच स्क्रू. त्याहून बरं म्हणजे आतल्या कोपऱ्यांत चौकोनी लाकडी पट्ट्या चिकटवायच्या आणि स्क्रू कडेत न मारता सपाट अंगाने त्या पट्ट्यांत न्यायचे. जाणकार सुताराला हे बघून हसू येईल, पण खोकं हलत नाही. पॅकमॅनचा पडदा 224 बाय 288 ठिपक्यांचा, म्हणजे रुंदीपेक्षा उंच. त्यामुळे जुना मॉनिटर आत उभा करून बसवला आणि खोकंही आपोआप अरुंद झालं. फळी वाचली.

मग आली हात ठेवायची फळी, कंट्रोल पॅनेल. खरा जीव तिथे होता, म्हणून तिथे मी फार सावध होतो. आधी पुठ्ठ्यावर बटणांच्या जागा आखल्या, मनगट टेकवून पाहिलं, पुन्हा आखल्या. 18 मिलिमीटरची फळी वापरली तर जॉयस्टिकची निम्मी दांडी फळीतच बुडते, म्हणून पातळ प्लाय घेतला आणि खालून आधार दिला. जॉयस्टिकच्या बुडाशी चार मायक्रोस्विच असतात आणि तिची हालचाल अडवणारी एक चकती. ती फिरवून फक्त चारच दिशा मोकळ्या ठेवल्या, कारण आठ दिशांच्या जॉयस्टिकवर पॅकमॅन नेमका वळणावर अडखळतो आणि भूत गाठतं. होल सॉने, म्हणजे ड्रिलला लावायच्या गोल करवतीने, 30 मिलिमीटरची भोकं पाडताना प्लाय वरून चिरफाळू नये म्हणून त्याची चांगली बाजू टाकाऊ फळीवर पालथी ठेवली आणि पुठ्ठ्याचा नमुना मागच्या बाजूवर ठेवून आखणी केली. सगळं कसं शास्त्रशुद्ध. भोकं इतकी सुबक पडली की मी त्यांचे फोटो काढले.

मग पॅनेल उलटं केलं. डावीकडे यायची जॉयस्टिक उजवीकडे आली होती.

त्या रात्री माझ्या मदतीला आलं ते 1978 चं स्पेस इनव्हेडर्स. त्याच्या उभ्या मशिनमध्ये आपण थेट पडदा बघतच नाही. मॉनिटर आत खाली असतो आणि समोरच्या अर्धपारदर्शक आरशात त्याचं प्रतिबिंब दिसतं, मागच्या चंद्राच्या चित्रावर तरंगल्यासारखं. आरसा आला म्हणजे डाव्याचं उजवं होणार, म्हणून पडद्यावर चित्र मुळातच उलटं काढलेलं. अर्थात त्यांनी ते ठरवून केलं होतं. तरी उलटेपणाला या धंद्यात परंपरा आहे, एवढं समाधान मला पुरलं.

दुसरा प्लाय घ्यायचा उत्साह नव्हता. पॅकमॅनला एकच जॉयस्टिक लागते, बटण लागत नाही, तेव्हा तिथे काही बिघडलं नाही. गडगडत येणारी पिंपं चुकवायच्या डाँकी काँगमध्ये मात्र पळायचं डाव्या हाताने आणि उडी मारायची उजव्याने, अशी माझ्या हातांची जुनी समजूत. आठवडाभर मी पिंपांवरून उडी मारण्याऐवजी त्यांच्या अंगावर चालून जात होतो.

माझ्या नऊ वर्षांच्या पुतणीची अशी काही समजूत नव्हती. ती याच खोक्यावर शिकली आणि महिन्याभरात माझ्या पुढे गेली. परवा तिला मी 1981 च्या खऱ्या डाँकी काँग मशिनचा फोटो दाखवला. तिने तो बराच वेळ निरखला, मग माझ्याकडे सहानुभूतीने बघत म्हणाली, "काका, यांनी पण मागून आखलं वाटतं."