मतदार तेच, दिवसही तोच

निवडणूक लढवू पाहणाऱ्या महिलांची प्रशिक्षणं मी घेते. त्या दिवशीच्या गटातल्या बहुतेकींनी स्थानिक पातळीवर पदं सांभाळली होती. आता त्यांना प्रांताच्या सभागृहात जायचं होतं. बायका तिथवर का पोचत नाहीत, असं विचारलं. पैसा, घरची जबाबदारी अशी उत्तरं आली, पण जोर एकाच वाक्यावर होता: "मॅडम, लोकच बाईला मत देत नाहीत."

मी फळ्यावर फ्रान्समधली मार्च 2004 ची निवडणूक मांडली. प्रादेशिक परिषदांचं आणि त्याखालच्या जिल्हास्तरीय परिषदांच्या निम्म्या जागांचं मतदान एकाच दिवशी झालं. प्रादेशिक परिषदांत निवडून आलेल्यांपैकी बायका जवळपास निम्म्या. जिल्हास्तरावर जेमतेम 11 टक्के.

"असं कसं? मतदार तर तेच!" पुढच्या बाकावरून आवाज आला.

फरक नियमांत होता. प्रादेशिक निवडणुकीत मत पक्षाच्या यादीला, आणि यादीत एक स्त्री, एक पुरुष असा क्रम कायद्यानं सक्तीचा. क्रम मोडला तर यादीच बाद. जिल्ह्यात मात्र तेव्हा एका मतदारसंघात पक्षाचा एकच उमेदवार, आणि अशी कुठलीच सक्ती नव्हती. तिथे पक्ष बहुधा आधीच निवडून आलेल्या पुरुषालाच पुन्हा तिकीट देत. (संसदेच्या खालच्या सभागृहासाठी फ्रान्समध्ये, निम्म्या उमेदवार बायका नसतील तर पक्षाला नुसता आर्थिक दंड ठेवला होता. मोठ्या पक्षांनी तो सोसला, पण बायकांना निम्मी तिकिटं दिली नाहीत. याचा मला आजही राग येतो.)

मग तिकिटावर चर्चा रंगली ती जेवणाची वेळ उलटून गेली तरी थांबेना. एकीला मागच्या वेळी पक्षानं उमेदवारी दिली होती, पण पक्ष वर्षानुवर्षं हरत आलेल्या जागेवर. ती पडल्यावर "बाई चालत नाही" हा शिक्का तिच्यावरच बसला. हे ऐकून मी आखलेला भाषणकलेचा तास रद्द केला. पडेल जागा देऊन बायकांना नाकर्तं ठरवणं हा अन्याय आहे, आणि तो उमेदवारी ठरवणाऱ्या बैठकीत होतो.

फ्रान्सची दुसरी बाजूही सांगितली. त्याच 2004 मध्ये युरोपातल्या फ्रान्सच्या 22 प्रदेशांपैकी एकाच प्रदेशाचं अध्यक्षपद स्त्रीकडे आलं, सेगोलेन रोयाल यांच्याकडे. यादीत बायका होत्या, पण अध्यक्षपद बहुधा यादीत पहिलं नाव असलेल्याकडे जातं, आणि ते नाव पुरुषाचं असे.

दुपारी प्रत्येकीनं आपल्या मतदारसंघातले मागचे निकाल काढले: पक्ष किती मतांनी जिंकला किंवा हरला, विद्यमान सदस्य पुन्हा उभा राहणार का, उमेदवारी ठरवणाऱ्या समितीत कोण बसतं. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बऱ्याच जणींकडे नव्हतं. ते शोधून आणायचं ठरवूनच आम्ही उठलो.